तसबिरीतली बाई आणि आख्यायिकेतली बाई

केळव्यापासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर जो लहानाचा मोठा झाला, त्याला वसईच्या मोहिमेची हकीकत मुद्दाम शिकवावी लागत नाही. इ. स. १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली, तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले, आणि पुढे मे महिन्यात खुद्द वसईच्या तटावरचे फिरंगी निशाण उतरले, हा क्रम इथल्या वाडीवाल्याला आणि कोळ्याला सारखाच ठाऊक असतो. कारण सुरूच्या बनात निम्मा वाळूत बुडालेला केळव्याचा कोट आणि पाण्यात उभा असलेला पाणकोट हे त्या हकीकतीचे साक्षीदार रोजच त्याच्या डोळ्यांसमोर असतात. त्या हकीकतीच्या शेवटी एक आख्यायिका हटकून येते. वसई पडल्यावर एक रूपवती फिरंगी स्त्री चिमाजी आप्पांपुढे आणली गेली आणि आप्पांनी तिची सन्मानाने बोळवण करून तिला तिच्या माणसांत पोचविले, अशी ती आख्यायिका आहे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची जी कथा शिवछत्रपतींविषयी सांगतात, तिचीच ही धाकटी बहीण.

या कथांमागची नीती थोर आहे आणि ज्या समाजाने त्या जपल्या त्याने काय जपावे हे ओळखले होते, याविषयी मला शंका नाही. परंतु या दोन्ही कथा पुनःपुन्हा ऐकल्यावर एक गोष्ट मनाला टोचू लागते. त्या दोन स्त्रियांपैकी एकीचेही नाव कथेत नाही. ती रूपवती होती एवढे कथा सांगते, परंतु तिचे डोळे कसे होते, ती घाबरली होती की संतापली होती, परत जाताना ती काय बोलली, हे सांगण्याची गरज कथेला कधी भासली नाही. कारण कथा तिची नव्हेच. कथा पुरुषाच्या शीलाची आहे, आणि त्या शीलाची परीक्षा घेण्यापुरती ती बाई दरबारात येते आणि पालखीतून निघून जाते. या लेखाचे प्रतिपाद्य असे आहे की स्त्रीच्या इतिहासाच्या दृष्टीने अशा उदात्त आख्यायिकेपेक्षा अठराव्या शतकातल्या एखाद्या इंग्रज चितार्‍याने पैसे घेऊन रंगविलेली तसबीर अधिक मोलाची आहे, मग ती तसबीर कितीही विषम नात्यातून जन्मलेली असो. हे विधान कित्येकांना रुचणार नाही, म्हणून ते जरा विस्ताराने मांडावे लागेल.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की अठराव्या शतकातले इंग्लंडमधले व्यक्तिचित्र हा स्त्रीच्या गौरवासाठी निघालेला कलाप्रकार नव्हता. तो एक व्यापार होता आणि त्याचे दरपत्रक ठरलेले होते. तीस इंच उंचीच्या कॅनव्हासला एक दर, पन्नास इंचांच्या चित्राला दुसरा, आणि पायाच्या नखापर्यंत उभी आकृती हवी असल्यास त्याहून कितीतरी अधिक, अशी ती रीत होती. चित्र सांगणारा बहुधा बाप, भाऊ किंवा नवरा असे. चित्रकार गेन्सबरोने १७५० च्या सुमारास रंगविलेले अँड्र्यूज दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याची छापील प्रत जरी समोर घेतली तरी हा व्यवहार डोळ्यांना दिसतो. डावीकडे झाडाखाली नवरा बंदूक काखेत घेऊन, कुत्रा पायाशी ठेवून, ऐटीत टेकून उभा आहे. त्याच्या शेजारी बाकावर निळ्या पोशाखातली तरुण पत्नी, फ्रान्सिस, ताठ बसली आहे. आणि उजवीकडचे अर्धेअधिक चित्र त्यांच्या जमिनीने व्यापले आहे: कापणी झालेले शेत, रांगेने उभ्या केलेल्या पेंढ्या, कुंपणे, मेंढरे, ढगांनी भरलेले आभाळ. ती जमीन कोणाची हे सांगणारे इनामपत्रच जणू रंगांत लिहिले आहे. पण नजर परत त्या तरुणीकडे वळते तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसते. तिच्या मांडीवरचा भाग रंगविलेलाच नाही. तिथे तपकिरी कॅनव्हास तसाच उघडा पडला आहे. मूल यायचे होते, पुस्तक यायचे होते, की नवऱ्याने मारलेला पक्षी, याविषयी पंडितांनी तर्क केले आहेत. जमिनीचा कण नि कण पुरा झाला आणि बाईच्या ओंजळीत काय द्यायचे हे मात्र राहून गेले, यापेक्षा त्या काळच्या स्त्रीच्या स्थितीवर अधिक बोलके भाष्य कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

असे असूनही त्या फ्रान्सिसचा चेहरा पुरा आहे, आणि तो गोड नाही. ओठ मिटलेले, नजर थेट पाहणाऱ्यावर रोखलेली, तीत काहीसा तुटकपणा. हा चेहरा तिच्या नवऱ्याने विकत घेतला होता असे म्हणता येत नाही, त्याने फक्त कॅनव्हासची किंमत दिली होती. इथे त्या चितार्‍यांच्या कामाची पद्धत लक्षात घेतली पाहिजे. मोठ्या चित्रकाराच्या कारखान्यात वस्त्रे, पडदे, झालरी रंगविण्यास वेगळी माणसे असत. रेनॉल्ड्सकडे पीटर टॉम्स हे काम करी, आणि तो स्वतःही पुढे रॉयल अकॅडमीच्या संस्थापक सभासदांत गणला गेला. पोशाख लाकडी पुतळ्यावर चढवून बाईच्या पश्चात सावकाश रंगविता येई. मागची बाग अनेकदा कल्पनेतून येई. परंतु चेहऱ्यासाठी तिला स्वतःला यावे लागे, उजेडाकडे तोंड करून बसावे लागे, एकदा नव्हे तर कित्येक बैठकींत, आणि त्या तासांत चित्रकाराला तिच्याकडे पाहावे लागे तसे तिलाही त्याच्याकडे पाहता येई. चित्रातली सारी मालमत्ता धन्याची असली तरी तो वेळ तिचा असतो. नटश्रेष्ठ सेरा सिडन्स हिला रेनॉल्ड्सने १७८४ मध्ये शोकनाट्याच्या देवतेच्या रूपात रंगविले तेव्हा सिंहासनावर कसे बसायचे हे आपण स्वतःच ठरविले असे ती पुढे सांगत असे. आणि रेनॉल्ड्सने आपली सही केली ती तिच्या वस्त्राच्या काठावर. त्या शतकातल्या पुरुषांचा स्वभाव पाहता ही सही मला फार बोलकी वाटते, कारण त्याच अकॅडमीच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया असूनही चित्रकार झॉफनीने जेव्हा सभासदांचा समूह रंगविला तेव्हा विवस्त्र पुरुष मॉडेल बसलेल्या त्या खोलीत स्त्रियांनी असणे अनुचित म्हणून त्या दोघींना भिंतीवरच्या तसबिरी करून टांगले. चित्रकार असलेल्या स्त्रियांना देखील चित्रात शिरण्यासाठी आधी तसबीर व्हावे लागले.

आता ही सारी चर्चा विलायतेची, तिच्याशी आपला संबंध काय, असा प्रश्न येईल. संबंध पुण्याचा आहे. सर चार्ल्स मालेट, मराठी कागदांतला मालीट, हा १७८६ मध्ये कंपनीचा वकील म्हणून पेशव्यांच्या दरबारी आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहू लागला. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा जेम्स वेल्स हा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढच्या वर्षी मालेटच्या आश्रयाने पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे जे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे ते त्याच्याच हातचे, १७९२ चे. महादजी शिंद्यांची तसबीरही त्याने काढली. नाना म्हणजे काय चेहरा होता हे आज शाळकरी मुलाला कळते ते मुख्यतः वेल्समुळे. आणि याच चित्रकाराने, याच पुण्यात, आणखी एक चेहरा रंगविला: बीबी अंबर कौर. ती मालेटच्या घरची, त्याच्या तीन मुलांची आई होती. एलायझा, हेन्री आणि लुइझा अशी त्या मुलांची नावे.

म्हणजे पेशवाईच्या ऐन बहरात पुण्यात वावरलेल्या एका स्त्रीचा, समोर बसवून काढलेला, नावानिशी ओळखता येणारा चेहरा आज अस्तित्वात आहे, आणि मराठी वाचकाला त्याची वार्ता नाही. पेशवाईवर आपण किती लिहिले आहे! बखरी छापल्या, दफ्तरे चाळली, रोजनिशीतल्या खर्चाच्या रकमा तपासल्या, कादंबऱ्या आणि नाटके यांनी तर कपाटे भरली. त्या साऱ्या पसाऱ्यात ही बाई कुठे नाही.

याचे कारण शोधू गेल्यास उत्तर मिळते ते आपल्या फायद्याचे नाही. पेशवाईतल्या मोठ्या घराण्यांतल्या स्त्रियांच्या, त्या समोर असताना काढलेल्या तसबिरी जवळजवळ नाहीतच. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, दिनचर्येपासून राजकारणापर्यंत कसे वागावे हे कलमवार लिहून पाठविले. ते पत्र आहे, त्यातला कडक आवाज आजही ऐकू येतो, पण तो आवाज ज्या मुखातून आला ते मुख आपल्याला ठाऊक नाही. तारापुरास पडलेल्या बाजी भिवरावांच्या मातोश्रींस पेशव्यांकडून गेलेले सांत्वनाचे पत्र प्रसिद्ध आहे. ज्या माउलीसाठी ते लिहिले तिचा चेहरा मात्र कोणी पाहून ठेवला नाही. केळव्याच्या शितलादेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असे गावात सांगतात. काशीपासून रामेश्वरापर्यंत जिच्या नावाचे चिरे बसले तिच्या ज्या प्रतिमेला आपण हात जोडतो, ती पुढच्या काळातल्या चित्रकारांनी श्रद्धेने घडविलेली आहे. मस्तानीचे तर बोलायलाच नको. तिच्या महालाचे लाकूडकाम कोथरूडहून उचलून केळकर संग्रहालयात नीट बसविलेले आपण पाहतो, तिच्या रूपाचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या करतो, आणि तिचे खरे रूप आपल्यापाशी नाही.

कुलवंत स्त्रीने परपुरुषाच्या नजरेस पडू नये हा त्या काळचा दंडक होता, आणि चितारी हा तासन्‌तास रोखून पाहणारा परपुरुष. घराण्याची अब्रू ज्या पडद्याने राखली त्याच पडद्याने चेहरा पुसला. अंबर कौर त्या पडद्याच्या बाहेर होती. तिच्यामागे घराणे नव्हते, पंगत नव्हती, तिच्यासाठी भांडणारे भाऊबंद नव्हते. म्हणूनच तिला चितार्‍यापुढे बसविता आले. ज्या गोष्टीने तिला समाजात स्थान नाकारले तिनेच तिला चेहरा दिला, आणि ज्या गोष्टीने आपल्या मातामह्यांना मान दिला तिनेच त्यांना निराकार केले. ही अदलाबदल क्रूर आहे. तिच्यातला कुठला पक्ष अधिक सोसण्याजोगा हे त्या स्त्रियांना कोणी विचारले नव्हते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की ही बाई आपली नव्हे. तिचे नाव उत्तरेकडचे, तिचा आश्रयदाता इंग्रज, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासात तिला जागा कशासाठी? या आक्षेपात जोर नाही. अठराव्या शतकातले पुणे हे केवळ चार पेठांतल्या सोवळ्याचे शहर नव्हते. तिथे अरब होते, पुरभय्ये होते, गारदी होते, बुंदेलखंडातून आलेली मस्तानी होती, फिरंगी तोफखानावाले होते; मालेटच्या मध्यस्थीने पेशव्यांच्या आश्रयाखाली चित्रकलेची शाळा निघाली, आणि गंगाराम तांबट नावाच्या मराठी कारागिराने वेल्सच्या सहवासात वेरूळची लेणी कागदावर अशी उतरविली की त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवली आहेत. जे शहर इतक्यांना आपले म्हणवून घेऊ शकले त्याला ही एक बाई परकी वाटावी याचे कारण तिचा मुलूख नव्हे, तिचे मालेटशी असलेले नाते होय, आणि ते आपण स्पष्ट बोलावे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मला वारंवार अडवितो. त्या बाईला नाही म्हणता आले असते काय? ज्या घरात ती राहत होती ते घर, जो खर्च होत होता तो खर्च, ज्याने चित्र सांगितले तो पुरुष, सारेच तिच्यापेक्षा बलवान. मग त्या तसबिरीत तिची इच्छा शोधणे म्हणजे कैद्याच्या जबानीला कबुली समजण्यासारखे नव्हे काय? या आक्षेपातले सत्य नाकारता येणार नाही. अशा नात्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया कंपनीच्या कागदांत आणि गोऱ्यांच्या मृत्युपत्रांत निनावी राहिल्या. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव हुद्द्यासह आणि आईच्या जागी केवळ ‘देशी स्त्री’ एवढेच. पण म्हणूनच नाव आणि चेहरा दोन्ही टिकलेली बाई दुर्मीळ ठरते. त्याच काळात कोणी झॉफनीचे तर कोणी रेनाल्डीचे मानतात असे एक अपुरे चित्र लखनौकडे तयार झाले. त्यात विल्यम पामर, जो पुढे १७९८ मध्ये पुण्यास कंपनीचा वकील झाला, तो आपल्या कुटुंबाच्या मधोमध खुर्चीवर आहे आणि त्याची सहचारिणी फैज बख्श बेगम तान्हे मूल मांडीवर घेऊन खाली बसली आहे. बसण्याच्या उंचीतली विषमता चित्रकाराने लपविलेली नाही. तरीही त्या चित्रातला सर्वांत स्थिर मुखवटा तिचा आहे, आणि पाहणाऱ्याची नजर शेवटी तिच्यावर जाऊन थांबते. ही सत्ता कोणत्याही सनदेने दिलेली नसते. आख्यायिकेतल्या बाईला ही सत्ता मिळूच शकत नाही, कारण तिला कोणी समोर बसवून पाहिलेले नसते. सांगणाऱ्याला हवे तेवढेच तिचे रूप, हवे तेवढेच तिचे मौन.

अंबर कौरच्या बाबतीत काळाने पुढे जे केले ते याहून कठोर आहे. १७९१ मध्ये कंपनीने ठरविले की देशी आईच्या पोटच्या मुलांना कंपनीच्या मुलकी, लष्करी व आरमारी नोकरीत घ्यायचे नाही. त्याच वर्षी मालेटला बॅरोनेटचा किताब मिळाला. वेल्स कान्हेरीच्या लेण्यांची चित्रे काढताना तापाने आजारी पडून १७९५ च्या नोव्हेंबरात ठाण्यास वारला. मालेट १७९८ मध्ये मायदेशी परतला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने विवाह केला तो वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी. जिच्या बापाच्या कुंचल्याने अंबर कौर रंगविली, ती मुलगी लेडी मालेट झाली. तिला आठ मुलगे झाले. किताब त्यांच्याकडे गेला, नोकऱ्या त्यांच्याकडे आल्या. त्यांतला एक ह्यू पॉइंट्झ मालेट १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर होता, आणि त्याच वर्षी तो माथेरानचा डोंगर चढला म्हणून गिरिस्थानाच्या इतिहासात त्याचे नाव पहिले येते. आमचे केळवे-माहीम तेव्हा ठाण्याच्याच अमलाखाली. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये. म्हणजे आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या वाड्यांच्या जमाबंदीवर ज्या साहेबाची सही होत असेल तो सुझॅनाचा मुलगा होता, आणि अंबर कौरचा हेन्री, त्याच बापाचा मुलगा, त्या सहीचा अधिकारी होऊ शकत नव्हता. दोन आयांमधला हा फरक कायद्याने केला. वेल्सच्या कुंचल्याने तो केला नाही; पेशवा, नाना आणि अंबर कौर यांच्याकडे एकाच हाताने, एकाच शहरात, एकाच रंगपेटीतून पाहिले गेले.

आपल्याकडचा पडदा पुढच्या शतकात सरला असे मानण्याचेही कारण नाही. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती केळव्याच्या पानवेलीवाल्यांच्या ओटीवर मी लहानपणापासून पाहत आलो. त्या देवींच्या चेहऱ्यांना आधार म्हणून ज्या स्त्रिया बसल्या त्या गोव्या-मुंबईकडच्या कलावंत घराण्यांतल्या होत्या. अंजनीबाई मालपेकरांसारख्या थोर गायिकेचे नाव रविवर्म्याच्या चित्रांसंबंधात घेतले जाते. कुलीन घरांनी आपल्या लेकी चितार्‍यापुढे बसविल्या नाहीत, आणि ज्या बसल्या त्यांच्या चेहऱ्यांना घरोघर उदबत्ती ओवाळली. पूजा चेहऱ्याची झाली आणि बाई विसरली गेली. अंबर कौरच्या बाबतीत तेच उलट्या दिशेने घडले.

म्हणून मला जे मागायचे आहे ते फार मोठे नाही. पुण्यात, मुंबईत आणि ठाण्या-पालघरच्या शाळांत जिथे जिथे सवाई माधवराव आणि नाना यांच्या वेल्सकृत तसबिरींच्या प्रती लागतात, पुस्तकांत छापल्या जातात, तिथे अंबर कौरच्या तसबिरीची चांगली प्रत मिळवून शेजारी लावावी. पेशवाईचा जो इतिहास विद्यापीठांत शिकवितात त्यात संगमावरच्या रेसिडेन्सीचे प्रकरण केवळ तहांचे नसावे. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी ती जळाली त्याआधी तिथे माणसे राहत होती, त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती, हे त्यात यावे. आणि प्रतीखाली जी ओळ लिहायची तिचा क्रम विलायती रिवाजाप्रमाणे धन्यापासून सुरू न करता आधी अंबर कौर हे नाव लिहावे, मग पुणे, मग जेम्स वेल्सचे. मालेटचे नाव ज्यांना आवश्यक वाटेल त्यांनी ते त्यानंतर बारीक अक्षरात घालावे.